पाणाडी शरणप्पांचा हापसा

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. उदगीरकडच्या एका गावात, शाळेच्या भिंतीला लागून उभा असतो. माझा रंग कधीच उडाला, दांडाही झिजला, पण आठवण अजून पक्की आहे.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते, तेव्हा माझा जन्म झाला. बोअर मारायची गाडी गावात आली, पण बोअर मारायचा कुठं? शरणप्पा हे गावचे पाणाडी. तळहातावर नारळ ठेवून ते शिवारातून चालत. नारळ उभा राहिला की खाली पाणी, असं लोक मानत. त्या उन्हाळ्यात शरणप्पा पाच दिवस झोपले नाहीत आणि थकलेही नाहीत. अनवाणी फिरत, अखंड बोलत, आख्ख्या जिल्ह्याला पाणी पाजतो म्हणत. शाळेपाशी नारळ उभा राहिला, बोअर मारला आणि पाणी लागलं. अंगात देव आलाय म्हणत लोक त्यांच्या पाया पडले. मलाही फार मिरवावंसं वाटलं, हे कबूल करतो.

दोन महिन्यांनी त्याच शरणप्पांनी अंथरूण धरलं. अंघोळ नाही, जेवण नाही, बोलणं नाही. कुणी म्हणालं, तेज गेलं. कुणी म्हणालं, आळस भरला. एका दुपारी ते कोरड्या विहिरीच्या काठावर एकटेच बसलेले त्यांच्या बायकोला, मल्लम्मांना दिसले. मल्लम्मा कुणाला विचारायला थांबल्या नाहीत. हाताला धरून त्यांना थेट लातूरला, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

पुढचं मी मल्लम्मांच्याच तोंडून ऐकलं. घागर भरेपर्यंत बायका सगळं सांगून मोकळ्या होतात. बाई म्हणाल्या, अंगात देव नाही आणि आळसही नाही, ही एकाच आजाराची दोन टोकं आहेत. आज त्याला बायपोलर म्हणतात. बाईंनी गोळ्या दिल्या, रक्त तपासत राहा म्हणाल्या आणि पाणी भरपूर प्यायला सांगितलं. शिवाय दर पंधरा दिवसांनी समोर बसवून त्या शरणप्पांशी बोलत. झोप किती झाली ते रोज वहीत लिहायचं. लागोपाठ दोन रात्री झोप उडाली तर कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही, आधी लातूरला यायचं. पहिल्या खेपांना शरणप्पा नुसते गप्प बसून परत आले. मग एकदा मनातली भीती बाहेर पडली. पाणी दाखवलं नाही तर गावात मला कोण विचारणार? सावरायला वर्ष लागलं, पण माणूस सावरला.

तीन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला. माझं पाणी खोल गेलं. शंभरदा दांडा मारावा तेव्हा एक कळशी भरे. सरपंच वीरभद्र चार माणसं घेऊन आले आणि त्यांनी शरणप्पांना माझ्यापाशीच गाठलं. सरपंचांच्या हातात नारळ होता.

“आप्पा, त्या गोळ्यानं तुमचं तेज झाकलंय. आठ दिस सोडा की. गाव तान्हेलं हाय.”

शरणप्पांचा चेहरा उतरला. याच माणसांत त्यांना राहायचं होतं. मला वाटलं, आता घेतात नारळ. त्यांनी हात मागं बांधले.

“सरपंच, त्या साली म्या बारा जागा दावल्या. अकरा ठिकानी नुसती धूळ निघाली. तुमी इसरलात, म्या न्हाई इसरलो. गोळी सोडनार न्हाई. उद्या टँकरचा अर्ज द्यायला मात्र तुमच्यासंगं येतो.”

शेजारीच पाणी भरणाऱ्या मल्लम्मांनी घागर कमरेवर घेतली. “पानी दावायला दुसरा मानूस गावंल,” त्या म्हणाल्या. “मला दुसरा नवरा न्हाई गावायचा.”

गाव रागावलं. टँकर आला, तरी कितीतरी दिवस शरणप्पांशी कुणी धड बोलेना. त्यांनी मात्र लातूरची एकही खेप चुकवली नाही.

मग एका सकाळी शरणप्पा पाणी भरत होते, तेव्हा वीरभद्र एकटेच आले. उगाच माझा दांडा हलवत राहिले. त्यांची लेक गौरम्मा महिनाभर अंथरुणातून उठत नव्हती.

“आप्पा,” ते खाली बघत म्हणाले, “लातूरच्या त्या बाई कोन्च्या दिवशी भेटत्यात?”

“मंगळवारी,” शरणप्पा म्हणाले. “पहिल्या यष्टीनं निघू. म्या हाय संगं.”

मित्रांनो, माझा वॉशर झिजला की तुम्ही मिस्त्रीला बोलावता, माझं तेज गेलं असं म्हणत नाही. माणसाचं मन आजारी पडलं तर त्यालाही जाणत्याकडे न्या. बरं वाटू लागलं म्हणून त्याला औषध सोडायला लावू नका. आणि एकट्यानं जायला तो घाबरला, तर तुम्ही सोबत जा.