पाचवा जोड

आमचे घरमालक हिंदुराव माणसं मोजत नाहीत, चपला मोजतात.

चऱ्होलीत त्यांच्या वडिलांचा गोठा होता, तिथे आता आमची चार मजली बिल्डिंग आहे. गोठा गेला, सवय राहिली. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. त्या सकाळी सातला ते व्हॉल्व्ह सोडायला येतात आणि मग प्रत्येक मजल्यावर दारासमोरच्या चपलांवरून बोट फिरवत वर जातात. पूर्वी चार पाय म्हणजे एक म्हैस, आता दोन चपला म्हणजे एक भाडेकरू. नियम साधा. माणशी एक जोड बाहेर, बाकीचे घरात. करारात चौघी असतील तर बाहेर चारच जोड दिसले पाहिजेत.

"कागद खोटं बोलतो, वहिनी," ते मला एकदा म्हणाले होते. "चप्पल न्हाई बोलत."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी आणि आमचे हे, ज्योतीराम. ते चाकणला एका कंपनीत प्रेसशॉपला आहेत. भूमहून इकडे आलो त्याला बावीस वर्षं झाली, या घरात चौदा. म्हणजे आम्हीही भाडेकरूच. पण चौदा वर्षं झाली की भाडेकरूला आपण अर्धे मालक आहोत असं वाटायला लागतं, त्यातून समोरच्या दारात कॉलेजच्या पोरी राहत असतील तर जास्तच. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. मशीन दाराशेजारच्या खिडकीला लावलेलं आहे, त्यामुळे जिन्यात कोण आलं-गेलं ते मला मान वर न करता कळतं. वरच्या मजल्यावरच्या अनिता वहिनी याला 'लक्ष असणं' म्हणतात. पोरी काय म्हणत असतील ते मला माहीत आहे.

समोर इंजिनिअरिंगच्या चार मुली. त्यातली तनुजा परभणीकडची, शेवटच्या वर्षाची, इथे दुसरं वर्ष. बाकीच्या तिघी यंदाच आलेल्या.

एप्रिलातल्या एका मंगळवारी सकाळी हिंदुरावांचा आवाज समोरच्या दाराशी थांबला.

"किती जणींचं ठरलंय?"

"चौघींचं, काका," तनुजा म्हणाली.

"मग ह्यो पाचवा जोड कुणाचा? मांजराचा हाय का?"

"आमचा नाहीये तो."

"तुमच्या दारात हाय, पन तुमचा न्हाई. ऐका. परवा गुरुवारी पानी हाय. त्या दिवशी पाचवा जोड दिसला तर चौघींनी बॅगा भरायच्या. गेल्या साली बी आमी ऐकून घेतलं न्हाई, औंदा बी घेनार न्हाई."

"काका, पंधरा दिवसांवर परीक्षा आहे. आत्ता आम्हाला कोण खोली देईल?"

"त्ये पाचवीला इचारा," म्हणून ते वर गेले.

तासाभरात अनिता वहिनी कागद घेऊन माझ्याकडे. गेल्या वर्षीचाच मजकूर, तारीख फक्त नवी. बिल्डिंग फॅमिलीवाल्यांची आहे, पोरी ठरल्यापेक्षा जास्त राहतात, टाकी दुपारीच संपते, तरी योग्य ती कारवाई व्हावी.

"तुम्ही समोरच राहता, तुमची सही वर पाहिजे," वहिनी म्हणाल्या.

"चष्मा सापडत नाहीये," मी म्हटलं.

"डोक्यावर आहे."

"तो दूरचा."

दूरचा चष्मा माझ्याकडे नाही, हे वहिनींना माहीत आहे. त्या कागद मशीनवर ठेवून गेल्या.

मी बाहेर येऊन तो जोड पाहिला. निळी रबरी चप्पल, पिवळे पट्टे. डाव्या पायाचा पट्टा अंगठ्याशी सुटलेला होता आणि कोणीतरी तो मोरपंखी दोऱ्याने शिवला होता, दुहेरी टाका, शेवटी तीन गाठी. तीन गाठी मारायची खोड माझी आहे. पिको करणाऱ्या बाया दोन मारतात. मला कुणी शिकवलं नाही, म्हणून मी भीतीने तिसरी मारते.

तो टाका माझा होता. आणि चप्पल पूनमची.

पूनम म्हणजे गेल्या वर्षीची पाचवी. होस्टेलला नंबर लागला नाही म्हणून मैत्रिणींमध्ये अंग चोरून राहायची. आम्हाला त्रास नको म्हणून जिन्यात हळू चालायची, आणि तो सुटलेला पट्टा नेमका त्यामुळेच जास्त वाजायचा. फट, फट. एक दिवस मीच तिला हाक मारून दाभणाने तो शिवून दिला. "चपलेला फॉल लावायची ही माझी पहिलीच वेळ," म्हटल्यावर ती तोंडावर हात ठेवून हसली होती.

मग मार्चमध्ये टाकी सारखी रिकामी व्हायला लागली. वहिनींचा कागद फिरला. मी सही केली. सातवीत शाळा सुटली, पण सही मी घासून घासून वळणदार केलेली आहे. त्या कागदावर तीच सगळ्यांत चांगली दिसत होती. हिंदुरावांनी जोड मोजले, पाच निघाले, संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. पूनम दुपारीच निघाली. खांद्यावर बॅग, पायात तीच चप्पल. मी खिडकीतून उठून आत जाणार तेवढ्यात ती दारात आली.

"काकू, येते."

"ये हं," मी म्हटलं.

निघणाऱ्याने जाते म्हणायचं नाही, निरोप देणाऱ्याने जा म्हणायचं नाही. तिच्या घरी तेच शिकवलेलं, माझ्याही. हा शब्द तोंडात तयारच असतो, त्याला विचार लागत नाही. जिला सही करून घालवली तिला मी तोंडाने ये म्हटलं आणि दार लावून घेतलं.

ती तळवड्याला कुणाच्या तरी खोलीत गेली. तिथून मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसून कॉलेजला यायची. पाचव्या आठवड्यात गाडी घसरली आणि मागून ट्रेलर आला. मैत्रीण वाचली. तनुजा दारात उभी राहून मला हे सांगत होती तेव्हा माझ्या मशीनवर एक हिरवी पैठणी होती. ती मी उलट्या बाजूने शिवली. चौदा वर्षांत एवढी एकच.

दुपारी तनुजा कॉलेजातून आली तेव्हा मी तिला आत बोलावलं. ती उंबऱ्याशीच थांबली. गेल्या वर्षीपासून ती माझ्या घरात येत नाही.

"तुम्ही ओळखली ना?" तिने विचारलं.

"टाका माझा आहे."

"मी परवा आली तेव्हाच ओळखली. आधी घंटागाडीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात. मग पुलावरून इंद्रायणीत टाकली, दोन्ही पाय वेगवेगळे. आज परत आली ती अशी ओली. हात लावून बघा."

मी हात लावला नाही. पण फरशीवर तळव्यांच्या आकाराचं पाणी दिसत होतं, आणि एप्रिलच्या त्या उन्हात ते वाळत नव्हतं.

"तुझ्या मैत्रिणींना सांगितलंस?"

"त्यांना वाटतं तुम्हीच ठेवता. आम्हाला घालवायला."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. "आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं ती माझ्यावर चिडली आहे," तनुजा म्हणाली. "मी तिला आमच्यात राहा म्हटलं होतं. मग काका आले तेव्हा मी म्हणाले, ही आमच्यातली नाही, पाहुणी आहे." तिने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. "काकू, मला घरी परत बोलवतील. वडिलांनी एवढं एकच वर्ष कसंबसं कबूल केलंय. खोली गेली की परीक्षा गेली, परीक्षा गेली की मी गेले."

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे भाकरी मोडता मोडता ऐकत होते.

"तू त्या कागदावर सही-बिही करू नको," हे म्हणाले.

"आणि चपलेचं?"

"उन्हाळ्यात काय काय होतं माणसाला. ताक पी."

बुधवारी दुपारी जिना रिकामा होता. वरून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, तेवढाच आवाज. मी मशीनवर बसले होते आणि खिडकीतून त्या चपलांकडे बघायचं नाही असं ठरवल्यामुळे दर टाक्याला बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं, जे हिंदुरावांच्या आलं नव्हतं. ते संख्या बघतात, दिशा बघत नाहीत.

माणूस घरात शिरताना चपला काढतो तेव्हा चपलांची तोंडं दाराकडे असतात. पोरींच्या जोडांची तोंडं पोरींच्या दाराकडे होती. पाचव्या जोडाची टाच त्यांच्या दाराकडे होती. तोंड माझ्याकडे.

ती त्यांच्याकडे आलेलीच नव्हती. ज्यांनी तिला आमच्यातली नाही म्हटलं त्यांच्याकडे ती कशाला येईल? संकोची पोरगी. ये म्हटल्याशिवाय कुणाकडे न जाणारी. तिला ये कोणी म्हटलं होतं, ते मला चांगलं माहीत होतं.

मी उठून बाहेर गेले. एक शब्द होता. तो म्हटला की ती मोकळी, पोरी मोकळ्या, मीही मोकळी. माझी आई सांगायची, निघालेल्याला जा म्हणू नये, मेलेल्यालाच म्हणतात. म्हणजे आता म्हणायला हरकत नव्हती. मी त्या ओल्या चपलांसमोर उभी राहिले, तोंड उघडलं, आणि जिभेने तो शब्द उचललाच नाही. एकदा सही करून घालवली होती. आता तोंडाने घालवायची.

खाली कुणीतरी गेट वाजवलं. मी आत आले. मागे फरशीवर, अगदी हलकं, फट असा एकच आवाज झाला. वळून पाहिलं तर जोड पाऊलभर पुढे आला होता. माझ्या उंबऱ्यापासून आता हातभर अंतर होतं.

गुरुवारी ह्यांची सुट्टी. साडेसहाला मी दार उघडलं तेव्हा हे पेपर घेऊन बसले होते. जोड उंबऱ्याला टेकून होता, तोंड आत, दोन्ही पाय जुळवून, पाहुणा कसा दारात उभा राहतो तसा. समोर चार जोड. तनुजा तिच्या दारात उभी, डोळे सुजलेले. तिच्या मागे भरलेल्या बॅगा दिसत होत्या.

खाली व्हॉल्व्ह कुरकुरला. हिंदुराव आले होते.

मी खाली बसले. चप्पल उचलली. थंड असेल असं वाटलं होतं, पण कोमट होती, आत्ताच कुणीतरी पायातून काढल्यासारखी.

"ये," मी म्हटलं. "दारात किती दिवस उभी राहणार आहेस. आत ये."

आणि तो जोड आतल्या रॅकवर ठेवला, ह्यांच्या आणि माझ्या चपलांच्या मध्ये. हे पेपर खाली करून बघत होते. थोड्या वेळाने उठले आणि सोफ्यावर पसरलेला पेपर गोळा करून बाजूला ठेवला, कुणी बसायचं असेल तर जागा असावी म्हणून.

हिंदुराव वर आले. समोर बोट फिरवलं. "एक, दोन, तीन, चार." तनुजाकडे पाहिलं. "बरं केलं. गेली का?"

तनुजा माझ्या दारातून आत बघत होती.

मग त्यांचं बोट सवयीने आमच्या उघड्या दारातून रॅककडे वळलं. "तीन? वहिनी, तुमी तर दोघं."

"पाहुणी आलीय."

"किती दिस ऱ्हानार?"

"आलेल्याला असं विचारतात का, भाऊ? आणि अनिता वहिनींचा तो कागद मी परत देतेय. माझी सही नाही. गेल्या वर्षीची होती, ती चुकली होती."

ते हसून काहीतरी म्हणणार होते. पण मोजणाऱ्या माणसाची नजर वाईट असते, एकदा पाहिलेलं जनावर तो विसरत नाही. ते वाकले. पिवळा पट्टा पाहिला, मोरपंखी टाका पाहिला. हात तसाच हवेत राहिला.

"ह्यो जोड आमी गेल्या साली बघितल्याला हाय," ते हळूच म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं, त्यांच्याच बोलीत. "चप्पल खोटं बोलत नाही म्हणालात ना."

त्यांनी माझ्या मागे खोलीत पाहिलं. सोफ्यावरच्या रिकाम्या जागेकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पायातली वहाण न वाजवता जिना उतरले. वरचे दोन मजले त्या दिवशी मोजायचे राहिले.

त्यानंतर समोर कधी पाचवा जोड दिसला नाही. तनुजाची परीक्षा झाली. निघताना ती आत आली, उंबरा ओलांडून, रॅकपाशी थांबली, वाकून त्या चपलांना हात लावला आणि मला म्हणाली, "येते." मी क्षणभर थांबले. आता हा शब्द मी विचार करून बोलते. "ये," म्हटलं.

चप्पल आता ओली नसते. कधी रॅकवर असते, कधी नसते, आणि नसली की दुपारी जिन्यात फट फट ऐकू येतं. ह्यांनी चहाला तिसरा कप काढायला कधी सुरुवात केली, मी विचारलं नाही.

परवा दोऱ्याची रिळं आणायला निघाले होते. हे शिफ्टला गेलेले, घरात कुणी नाही. दार ओढताना मागे वळून सवयीने म्हटलं, "येते गं."

आतून, मशीनच्या बाजूने, अगदी नम्रपणे उत्तर आलं.

"या हं, काकू."