पक्क्या मायेचा नमुना

मी पोटासाठी परकी व्हायचे. हसू नका, पगारी काम होतं. मानसशास्त्राच्या त्या खोलीत दीडेक वर्षाचं मूल आईपाशी खेळत बसे. मी आत जाई, आई बाहेर जाई, मूल रडे. मग आई परत येई. मूल तिच्याकडे कसं झेपावतं, त्यावरून माया मोजायची. मोजणारे बसत भिंतीतल्या आरशापलीकडे, कॅमेरा लावून. त्यांना आम्ही दिसायचो, आम्हाला आमचीच तोंडं. परकेपणात मी इतकी तरबेज झाले, की घरी गेले की नवरा दारातच विचारी, "कोण हवंय आपल्याला?"

खोली मॅडमची. नवीन पोरापोरींना शिकवायला पक्क्या मायेची नमुना-फिल्म हवी होती. मॅडम म्हणाल्या, "माझीच ठमी आणते."

ठमी आली. मॅडम बाहेर गेल्या, ती ठोकळे रचत राहिली. मॅडम आत आल्या, तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"झोप झाली नसेल," मी म्हटलं.

"मावशी, तुम्हीच कमी परक्या पडताय."

घ्या, म्हणजे दोष माझाच.

तेच मूल लगेच पुन्हा आणायचं नाही, ते शिकून जातं, हा नियम मॅडमचाच. तरी दुसऱ्या दिवशी ठमी हजर. मग रोजच. ती जराशी दाराकडे सरकली, की मॅडम तिला उचलून मुके घेत आणि हळूच आरशाकडे बघत. पलीकडच्यांनी टिपलं ना?

पोर तयार झाली. दार लागलं की ठणाणा, उघडलं की धाव. एकदा तर आईच्या गळ्यात अशी पडली, की मला परकीलाच हुंदका आला.

पलीकडून मदतनीस धावत आला. "मॅडम, फुल मार्क."

फिल्म लावली. मिठी घट्ट होती. गालाला गाल लावून ठमी पडद्यावरून थेट आमच्याकडे बघत होती. मॅडमही.

मॅडमनी ते पुन्हा लावून बघितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या मिठ्या वाचलेली बाई ती.

"मावशी, तुम्हाला काय दिसतं?"

"मी परकी. मला काय दिसणार?"

त्यांनी फिल्मच्या डबीवर 'नमुना' लिहिलं. पुढे तिथं आलेल्या प्रत्येक आईची माया त्याच फिल्मशी ताडून मोजली. बऱ्याच जणींना कमी मार्क पडले. त्यांची पोरं कुशीत तोंड खुपसून बसायची, कॅमेऱ्यात चेहराच यायचा नाही.