थोरल्याच्या पोत्यातला कांदा

मी एक जुना कांदा आहे. आतून पुरता नासलो आहे, म्हणून नाक धरून ऐका, पण ऐका. मित्रांनो, नासका कांदा दिसला की लोक तोंड फिरवतात. तो कोणी नासवला, हे मात्र कोणी विचारत नाही. मला तेच सांगायचे आहे.

माझा जन्म एका घराच्या मागच्या वाफ्यात झाला. घर एक आणि चुली दोन. एका बाजूला थोरला मुलगा आणि त्याची बायको, दुसऱ्या बाजूला धाकटी सून. तिचा नवरा कामासाठी बाहेरगावी असे. मधल्या खोलीत सासूबाई. वाफा धाकटीने खपून केला होता, आणि थोरल्याला तिथे सिमेंट ओतून गाडी उभी करायची होती. रोजच्या कुरबुरीला कंटाळून सासूबाईंनी एकदा निकाल दिला.

"हिचा कांदा पुढच्या लावणीपर्यंत टिकला, तर वाफा राहील. नासला, तर खुशाल सिमेंट ओत. पण आता माझं डोकं खाऊ नका."

मी तेव्हा सुतासारखे रोप होतो. तरी एवढे कळले, की आमच्या टिकण्यावर वाफ्याचा जीव आहे.

पहिले शत्रू आले ते फुलकिडे. दिसतील न दिसतील एवढे बारीक. पातीच्या बेचक्यात दडून रस प्यायचे. आमच्या हिरव्या पातींवर चंदेरी चट्टे उठले, टोके वाळली. मी दात-ओठ खाल्ले असते, पण देवाने दोन्ही दिले नव्हते. धाकटी सकाळी चष्मा लावून यायची, एकेक पात अलगद उघडायची आणि साबणाचे पातळ पाणी नेमके बेचक्यात मारायची.

"प्या मेल्यांनो, पोटभर प्या," ती पुटपुटायची.

किडे टपाटप गळत. मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

मग माझ्या शेजारचा भाऊ अचानक पिवळा पडला. तिने उपटून पाहिले, तर बुडाशी पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. "कच्चं शेणखत घातलं, माशीला आवतणच दिलं मी," असे म्हणत तिने अळ्यांसकट भावाला साबणाच्या बादलीत बुडवले आणि वर झाकण ठेवले. भाऊ गेला, पण मारेकऱ्यांना घेऊन गेला.

मित्रांनो, किडे पोटासाठी खातात. त्यांचा राग येतो आणि जातो. भरल्या पोटी नासधूस करणाऱ्या माणसाचा राग मात्र जात नाही.

आम्ही पोसलो. आमच्या पाती माना टाकून आडव्या झाल्या. कांदा तयार झाल्याची ती खूण. त्यानंतर त्याला पाणी द्यायचे नसते. मान सुकून घट्ट मिटली, की आत रोग शिरत नाही. धाकटीने पाणी बंद केले. थोरल्यालाही हे सारे ठाऊक होते. लहानपणी आईच्या हाताखाली त्यानेच कांदे काढले होते. धाकटी बाहेर गेली, तशी त्याने पाइपाचे तोंड वाफ्याच्या टोकाला, नेमके आमच्यावर सोडले.

"बघू किती टिकतो हिचा कांदा," तो हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. आम्ही पाणी पिऊन फुगलो, पण आमच्या माना ओल्या राहिल्या. त्या ओल्या मानेतून कूज माझ्या आत उतरू लागली. वर साल लालबुंद, आत मरण. त्याच क्षणी मी ठरवले, की मरायचे तर आहेच. मग याच्या उरावर मरू.

काढणी झाली. धाकटीने आम्हाला सावलीत पसरले आणि एकेकाची मान दाबून पाहिली. घट्ट मानेचे कांदे तिने एका बाजूला केले. ते मध्यमच होते. आम्ही जाड, ओल्या मानेचे दुसऱ्या बाजूला. आमच्यातल्या सडलेल्यांना तिने तिथेच फेकले. मी अजून कडक होतो.

"हे दिसायला मोठे, पण टिकायचे नाहीत. लगेच संपवायला हवेत," ती म्हणाली.

तेवढ्यात थोरला आला. "जमीन दोघांची, तर निम्मे कांदे माझे." आणि आमच्याच ढिगाला हात घातला.

"भाऊजी, ते नका नेऊ. त्यांच्या माना ओल्या आहेत."

"मोठे तुला आणि बारके मला, होय? मी काय आज जन्मलोय?"

त्याने आम्हाला प्लास्टिकच्या पोत्यात कोंबले, तोंड सुतळीने आवळले आणि पोते जिन्याखाली ठेवले. कशावर ठेवले, माहीत आहे? जिंकणारच या घमेंडीत त्याने आधीच आणून ठेवलेल्या सिमेंटच्या थैल्यांवर!

मला आणखी काय हवे होते? वारा नाही, उजेड नाही. मी आनंदाने सडलो. माझी कूज शेजाऱ्याला लागली, त्याची पुढच्याला. आमचे पाणी पोत्यातून थेंब थेंब सिमेंटवर झिरपले आणि थैल्यांचे दगड झाले.

"अहो, जिन्याखाली उंदीर मेलाय!" थोरल्याची बायको रोज ओरडायची. "उंदीर काढा, नाहीतर मी तरी माहेरी जाते!"

शेवटी त्याने पोते उघडले. आधी तोंडावर माशा आल्या. तरी गडी खूश! मला मुठीत धरून तो सासूबाईंकडे धावला.

"आई, नासला बघ हिचा कांदा! आता सिमेंट ओततो."

"मी सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "माना ओल्या होत्या त्यांच्या."

"ओल्या असणारच! दोन दिवस पाइप चालू होता तिथं."

सासूबाईंनी मान वर केली. "कुठला पाइप रे?"

आपण काय बोलून बसलो, ते थोरल्याला कळले. त्याची मूठ आवळली आणि मी फुटलो. त्याच्या मनगटावरून, बाहीवरून, पांढऱ्या सदऱ्यावरून ओघळलो. इतके सुख मला वाफ्यातही मिळाले नव्हते.

धाकटीने माळ्यावर टांगलेली आपली जुडी आणली. ते मध्यम कांदे खडखडीत वाजत होते.

"हिचे टिकलेत. नासले ते तुझ्या घरात," सासूबाई म्हणाल्या. "पुढची लावणी तोंडावर आली आहे. वाफा राहील. आणि आधी हात धू. माणसात बसायच्या लायकीचा नाहीस."

मग धाकटीने नाकाला पदर लावून मला सुपलीवर उचलले. "वाफ्यापासून लांब पुरते याला, नाहीतर तिथंही रोग पसरायचा," एवढेच ती म्हणाली. मी कोणाच्या बाजूने लढलो, हे तिला कधीच कळणार नाही. माझी तक्रार नाही. मी तिचा वाफा वाचवायला नव्हे, सूड घ्यायला सडलो होतो. वाफा वाचला, हे बरे झाले.

मित्रांनो, कांद्याने माना टाकल्या की पाणी तोडा. मान सुकेपर्यंत थांबा, वाऱ्यावर टांगा, ओल्या मानेचा आधी संपवा. एवढे केलेत, तर आम्ही तुमच्या घरी निमूट नांदू. आणि दुसऱ्याचा वाफा मुद्दाम भिजवायचा असेल, तर खुशाल भिजवा. फक्त नंतर त्यातला सर्वांत मोठा, सर्वांत लाल कांदा तेवढा आठवणीने आपल्या घरी न्या.