बिनशिवणीची चादर

मी हातमाग आहे, मित्रांनो. वय विचाराल तर माझ्यावर विणणाऱ्याच्या लग्नाआधीचा. सुताराने लाकूड पक्कं वापरलं, पण रुंदीच्या बाबतीत हात आखडता घेतला. म्हणून माझ्यावर मोठी चादर कधी निघालीच नाही. दोन पट्टे विणायचे आणि मधोमध शिवायचे. विणकराची तीस वर्षं अशी गेली, आणि लोकांनी कौतुकही केलं.

मग त्याच्या लेकीने एक खूळ डोक्यात घेतलं. एकाखाली एक असे दोन पदर एकदम विणायचे, एक कड जोडलेली, दुसरी मोकळी. उलगडलं की दुप्पट रुंद, सलग चादर. बापाला हे तरुणपणी जमलं नव्हतं. तो म्हणाला, "उलगडली तर माग तुझा. नाही तर गिरणीत घड्या घालायला जायचं." ती कबूल झाली.

पायाने दाबायच्या चारही पावड्यांच्या दोऱ्या तिने स्वतः बांधल्या. त्यातली एक चुकून शेजारच्या दांडीला गेली, आणि दर चौथ्या फेरीला वरचा पदर खालच्याला टाचला जाऊ लागला. खालचा पदर विणणाऱ्याला दिसत नाही. मोकळ्या कडेतून हात घालून तो चाचपायचा असतो, पण हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बाप तेल द्यायला माझ्याखाली वाकला. त्याने ती दोरी पाहिली, बोटाने ओढूनही पाहिली, आणि हात पुसत उठला.

"बरोबर चाललंय ना, बाबा?"

"छान चाललंय. विण तू."

ती सव्वा महिना विणत होती. जेवतानाही तिचे पाय पावड्या दाबल्यासारखे हलायचे. तो रोज येऊन शाबासकी द्यायचा. मला त्याचा संताप यायचा, पण लाकडाचा संताप कोण ऐकतो?

चादर उतरवायच्या दिवशी त्याने काका, मामी, शेजारीपाजारी, सगळ्यांना बोलावून घेतलं. एक टोक लेकीने धरलं, एक आईने. दोघींनी ओढलं. पदर सुटेनात. लेकीने कात्रीने एक धागा तोडला, मग दुसरा. असे हजारो होते.

"दोरी चुकलेली मला दुसऱ्याच दिवशी दिसली होती," बाप म्हणाला. "म्हटलं, बघू तुला कधी कळतंय."

सगळे हसले. आई तेवढी हसली नाही. लेकीने कात्री खाली ठेवली आणि सोमवारपासून ती गिरणीत जाऊ लागली.

त्याच आठवड्यात त्याने ती दोरी योग्य दांडीला बांधली. आता माझ्यावर बिनशिवणीच्या चादरी निघतात आणि लांबून लोक त्याचं कसब बघायला येतात. लेक कामावरून आली की माझ्याकडे पाठ करून जेवते.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, मला तेलपाणी वेळेवर मिळतं. एवढंच करा, कोणाची चूक दिसली तर त्याच दिवशी सांगा.