टिळा लागलेले चष्मे

हिंगणघाटच्या बाजूला एका कारखान्यात जिनिंग यंत्रांचे सुटे भाग तयार होत आणि नत्थूजी ते ग्राइंडरच्या चाकावर घासत. वीस वर्षं घासले. चौदाव्या वर्षी एक ठिणगी डाव्या डोळ्यात शिरली ती डोळा घेऊनच गेली. दुसरा जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नत्थूजींनी होकार दिला आणि संरक्षक चष्म्यासाठी अर्ज केला. सहा वर्षांत असे चार अर्ज झाले. शेवटी एक्क्याऐंशीच्या दसऱ्याच्या तोंडावर नऊ कामगारांसाठी नऊ चष्मे आले.

पण दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती. फोरमन लक्ष्मणराव भाविक माणूस. चष्मा हेही हत्यारच, म्हणून त्यांनी नऊही चष्मे पूजेत मांडले. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत काचांवर कुंकू काही टिकेना. टिळ्याविना हत्यार वापरणं लक्ष्मणरावांच्या जिवाला पटेना. त्यांनी रंगखात्यातून थिनर मागवला, त्यात कुंकू कालवलं आणि अठरा काचांवर अठरा ठसठशीत टिळे लावले. टिळे टिकले. काचा मात्र विरघळायला लागल्या. मग घाईघाईने पुसायला घेतलं, तेही थिनरनेच. आरती होईपर्यंत सगळ्या काचांवर दुधाची साय धरली होती, गुलाबी रंगाची.

नत्थूजी भांडारात गेले. भांडारपाल मोतीलालने नियम वाचून दाखवला: चष्म्याचं आयुष्य दोन वर्षं, फुटला तरच बदली. हा फुटलेला नव्हता. मग फोडतो, असं नत्थूजी म्हणाले. त्यावर मोतीलाल गंभीर झाला. मुद्दाम फोडला तर शिस्तभंग, आणि पूजेतली वस्तू फोडायची म्हणजे वर अपशकुन.

आठवड्याने फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. नऊही जणांनी चष्मे चढवले आणि आंधळी कोशिंबीर खेळायला आल्यासारखे आपापल्या यंत्रापाशी उभे राहिले. नत्थूजींनी चाक बंद केलं. चाक काऊन बंद, असं लक्ष्मणरावांनी दातओठ खात विचारलं. नत्थूजींनी उत्तर साहेबांना दिलं.

"साहेब, हा लावला त चाक दिसत नाई. काढला त हाबी डोया जाते. एकच उरला. तुमीच सांगा, काय करू?"

साहेबांनी चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर लावून पाहिला. बराच वेळ पाहिला. त्या दिवसातला हा त्यांचा चौथा कारखाना होता. मग त्यांनी फॉर्म उघडून नत्थूजींना दाखवला. चष्मे दिले किंवा दिले नाहीत, एवढे दोनच रकाने होते. दिले नाहीत असं कसं लिहू, असं त्यांनी खरोखरच्या दुःखाने विचारलं. साहेबांनी 'दिले'वर खूण केली.

साहेबांची जीप गेल्यावर नत्थूजींनी पॅकिंगमध्ये बदली मागितली. लक्ष्मणरावांनी त्यांना बाजूला घेतलं. "नत्थूजी, बदलीले डॉक्टरचा कागद लागते. कागदात एक डोया निघाला त तुमी घरी. दोन साल काढा ना कसेबी."

नत्थूजींनी चष्मा खिळ्याला टांगला आणि चाक सुरू केलं. मग मान उजवीकडे पूर्ण वळवली, म्हणजे ठिणग्यांपुढे गेलेला डोळा आला आणि राहिलेला भिंतीकडे. लोखंड चाकाला कुठे लागतंय ते हाताला कळत होतं, किती घासलं गेलं ते कानाला. बोटं चाकापासून किती लांब आहेत, एवढंच तेवढं कळत नव्हतं.