पडलाय की आराम करतोय

मी संशयी आहे, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. असेन. पण माझ्या कामात भोळेपणा परवडत नाही. कॉम्प्युटरवर चित्र येतं, खाली प्रश्न असतो, मी बटण दाबते. मशीनला जे कळत नाही ते आमच्यासारख्या शेकडो अनोळखी माणसांना विचारतात. जिकडे जास्त मतं, ते खरं धरतात.

यात कंपनीची एक खोड आहे. जुनंच चित्र पुन्हा दाखवून ती बघते, बाई दिल्या उत्तराला जागते का. उत्तर फिरवलं की काम बंद. माझं एकदा झालंय. तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

त्या सकाळी काम होतं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं. त्यांच्या घरात कॅमेरा असतो. कुणी जमिनीवर दिसलं की आम्हाला प्रश्न येतो: पडलाय की आराम करतोय? एक आजोबा पलंगाशेजारी कुशीवर होते, हात डोक्याखाली, सपाता बाजूला. चेहरा शांत. मी 'आराम' दाबलं. बऱ्याच चित्रांनंतर पुन्हा तेच आजोबा. आली परीक्षा, म्हणत मी परत 'आराम' दाबलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला हसूच आलं.

"आई, बघा तरी. मला वेड्यात काढतायत."

सासूबाई भाजी निवडता निवडता उठून आल्या. "अगं, पलंग सोडून खाली कशाला निजलाय हा?"

"तोच तर सापळा. आपण कळवळायचं आणि फसायचं."

सापळा नेमका कुठे आहे ते बघावं म्हणून मी चित्र मोठं केलं. खिडकीतून आलेलं ऊन आजोबांच्या तोंडावर पडलं होतं. मघाशी ते सपातांवर होतं. मला पक्कं आठवत होतं, सपातांची लाल किनार उन्हात उठून दिसत होती. म्हणजे चित्र जुनं नव्हतं. दर वेळी नवंच होतं. माणूस तेवढा हलला नव्हता. आणि डोळ्यांवर ऊन आलं की झोपलेला माणूस कूस तरी बदलतो.

माझ्यासारखे सगळेच शहाणे. सगळ्यांनीच परीक्षा समजून 'आराम' दाबलं असणार.

मी 'पडलाय' दाबलं. लाल अक्षरं आली: आधीच्या उत्तराशी जुळत नाही. पुन्हा विचार करायचा आहे का?

"आई, हीच परीक्षा असली तर? काम जाईल माझं."

"जाऊ दे. टोमणे मारायला मी आहे ना घरात. दाब तू."

मी 'नाही' दाबलं. खाली शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, सकाळपासून हललेले नाहीत, कुणीतरी लगेच जा. ती चौकट कुणी वाचतं यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

पडदा कोरा झाला. गेलं काम, मी मनात म्हटलं. सासूबाईंनी भाजीकडे वळूनही पाहिलं नाही, स्टूल ओढून माझ्याशेजारीच बसल्या. दोघींपैकी कुणीच जेवलं नाही.

बऱ्याच वेळाने तीच खोली आली. गणवेशातली दोन माणसं पाठमोरी, गुडघे टेकून वाकलेली. त्यांच्यामधून आजोबांचे पाय तेवढे दिसत होते. खाली प्रश्न: खोलीत माणसं किती आहेत? दोन की तीन?

मला रडूच फुटलं. "आई, काय सांगू यांना?"

"तीन," सासूबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"ते मला विचारू नकोस. तीन दाब."

मी तीन दाबलं.