उलटी चढणारी थॉर्नवेल

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. ज्या कारखान्याचे नाव मी मिरवते, तो आता फारसा कुणाला आठवत नाही.

ओहायोतल्या ब्रॅमली गावात लिअँडर थॉर्नवेल घोड्यांच्या बग्ग्या बांधत. पुढे त्यांनी मोटारी बांधायला घेतल्या, त्याही बग्गीच्याच निगुतीने. रोगणाचा एक थर खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा चढत नसे. दिवे पितळेचे, आसने मऊ चामड्याची. एक गाडी बाहेर पडेपर्यंत उन्हाळा सरायचा. तोवर डेट्रॉइटकडे स्वस्त गाड्या लाह्यांसारख्या फुटत होत्या. चार वर्षांत आमच्या कारखान्याला कुलूप लागले.

मला एका बँकवाल्याने घेतले. हौस फिटल्यावर त्याने मला कोंबड्यांच्या स्वाधीन केले. कोंबड्यांना माझे चामडे फार आवडले.

शेवटी गावच्या आग विझवणाऱ्या मंडळींनी मला मागून घेतले. मागची आसने काढून तिथे पंप आणि नळ्या बसवल्या. चालवायला एमस टटल हा पाववाला. सपाटीवर मी वाऱ्यासारखी धावे, पण चॅपल टेकडीच्या अर्ध्यावर इंजिन बंद पडे. ऑर्विल न्हावी तिथेच दुकानाबाहेर खुर्ची टाकून वाटच बघत असे.

"काय रे एमस, राणीसाहेबांना भूक लागली का? पाव दे की तिला."

गावसभेने ठरवले, शनिवारपर्यंत चढली तर बरे, नाहीतर भंगारात.

शुक्रवारी दुपारी टेकडीवरच्या शाळेच्या छपरातून धूर निघाला. मुले बाहेर आली होती, पण शाळा पेटत होती. मी धावले आणि नेहमीच्या जागी थांबले. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेव्हा गर्दीतून म्हातारे थॉर्नवेल पुढे आले. 'थॉर्नवेल कधी मागे फिरत नाही' अशी एके काळी त्यांची जाहिरात असे.

"एमस, उलटी घे," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पेट्रोलची टाकी मी मागे फार खाली बसवली. नाक वर झालं की इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. मला पहिल्या गाडीपासून माहीत होतं."

"आणि इतकी वर्षं गप्प बसलात, काका?"

"जाहिरात छापून झाली होती रे."

एमसने मला वळवले आणि मी पाठमोरी टेकडी चढले. ऑर्विल हसायचे विसरून खालून ढकलायला धावला, पण गरज पडली नाही. वर पोचले तेव्हा पंपाचे तोंड आपोआप आगीकडेच होते. छप्पर थोडे गेले, शाळा वाचली. सोमवारी वर्ग भरले, त्याबद्दल काही मुलांनी मला अजून माफ केलेले नाही.

पुढे दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मी सर्वांत पुढे असे, आणि उलटी चाले. पुढच्या आसनावर थॉर्नवेलकाका. मागून येणाऱ्या अख्ख्या गावाकडे त्यांचे तोंड असे, आणि ते टोपी हलवत.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू अडली तर तिला लगेच भंगारात धाडू नका. आधी तिला उलटी चालवून बघा. आणि माझे दिवे हाताळलेत तर बोटांचे ठसे पुसून जा. पितळ आहे, लवकर काळवंडते.